अण्णांची अर्धी गोळी

मागच्या महिन्यात शाळेच्या स्टाफरूममध्ये एका तरुण शिक्षिकेने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "बाई, तुमच्याकडे झोपेची गोळी असते का? एकच हवी होती. पंधरा दिवस झाले, मधेच जाग येते आणि मग डोकं थांबतच नाही."

कोणीतरी तिला सांगितलं असावं की हा त्रास मला होऊन गेलाय. गोळी मी दिली नाही. माझ्याकडे ती आता नसतेही. शाळा सुटल्यावर मी तिला थांबवलं आणि मला काय झालं होतं ते सांगायला घेतलं. अर्ध्यावर आले आणि गप्प झाले. पुढचं सांगायची लाज वाटली. ती गेल्यावर लक्षात आलं की तिच्या उपयोगाचं होतं ते नेमकं सांगायचं राहिलं. म्हणून हे लिहितेय. वाचून माझ्याबद्दल वाईट मत झालं तर ते चुकीचं नसेल.

*

आम्ही नेरूळला राहायला आलो तेव्हा स्टेशन नवंकोरं होतं आणि सोसायटीच्या मागे खाडीपर्यंत सगळं मोकळं. त्याआधीची बारा वर्षं लालबागच्या एका खोलीत काढली. सहा माणसं, भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचा टीव्ही, जिन्यावर उशिरापर्यंत ये-जा, आणि तरी पाठ टेकली की मी झोपायचे. शाळेतल्या एक बाई रात्र रात्र झोप लागत नाही म्हणायच्या, तेव्हा मी हसून म्हटलं होतं, "दिवसभर काम केलं की लागते झोप." ते वाक्य पुढे मला फार वेळा आठवलं.

नव्या घरात आम्हाला स्वतःची बेडरूम मिळाली. माझा नवरा श्रीकांत उरणकडच्या बंदरात एका कंपनीत कामाला. लहानपणीच तो शिकायला मुंबईत नातेवाइकांकडे आला आणि आम्ही एकाच चाळीत वाढलो, त्यामुळे मी त्याला अरे-तुरेच करते. महिन्यातले निम्मे दिवस तो रात्रपाळीला असायचा. घरात मी, सातवीतली मानसी आणि माझे सासरे, अण्णा. ते कोकणातल्या एका गावात पोस्टमास्तर होते. सासूबाई गेल्यावर आमच्याकडे आले. शिस्तीचा माणूस. सकाळी दाढी, पेपर, मग सोसायटीला तीन चकरा. मला सुषमा म्हणायचे, कधी सूनबाई म्हणाले नाहीत.

त्या वर्षी वाशीच्या आमच्या शाळेने मला पर्यवेक्षिका केलं. आनंद झाला होता. आठवड्याभराने पहिल्यांदा रात्री अडीचला जाग आली. डोक्यात सुरुवात व्हायची ती आठवी 'ब'चा तिसरा तास कोण घेणार इथून. मग गॅस बंद केला का. उठून बघायचं, बंदच असायचा. मग मानसीचं गणित. मग कधीकाळी जावेला टोचून बोललेलं एखादं वाक्य, आणि त्यावर ती काय म्हणाली होती. मग घड्याळ. आत्ता झोप लागली तर तीन तास मिळतील. आत्ता लागली तर दोन. हा हिशोब जितका करावा तितके डोळे टक्क उघडे. पाच वाजता कुठे ग्लानी यायची आणि साडेपाचला गजर.

दोन महिन्यांत मी वेगळीच बाई झाले. फळ्यावर समीकरण लिहिताना मधेच हात थांबायचा आणि पुढचं आठवायचं नाही. मुलं कुजबुजायची. एकदा मानसीने माझी पिन न विचारता घेतली म्हणून तिच्या पाठीत धपाटा घातला. तिला मी त्याआधी कधी मारलं नव्हतं.

सांगितलं कोणालाच नाही. ताप नाही, सूज नाही, डॉक्टरला दाखवणार काय? आणि मी ती सगळं नीट करणारी. सोसायटीच्या बायका मला विचारून गोष्टी करायच्या.

*

सासूबाई गेल्यानंतर अण्णांची झोप उडाली होती, म्हणून आमच्या फॅमिली डॉक्टरांनी त्यांना रात्री अर्धी गोळी सुरू केली होती. ब्लडप्रेशरची, हृदयाची आणि ही. सात खणांच्या डबीत दर रविवारी मी त्यांची औषधं भरायचे. अण्णांना जाड भिंगाचा चष्मा होता तरी रात्रीच्या दिव्यात गोळ्या ओळखू यायच्या नाहीत. ते हात पुढे करायचे, मी तळहातावर ठेवायचे, ते न बघता तोंडात टाकायचे.

गोळी अर्धी मोडली की दुसरा अर्धा पाकिटात उरायचा. एका रात्री तो मी खाल्ला. खरं सांगते, त्या रात्रीसारखी झोप मला कित्येक महिन्यांत लागली नव्हती. सकाळी उठले तेव्हा खिडकीत ऊन होतं आणि मला रडू आलं, इतकं हलकं वाटत होतं.

अडचणीच्या दिवशीच घ्यायची असं ठरवलं. पण पुढचा दिवस अडचणीचाच निघायचा. महिना संपायच्या आत पाकीट संपलं. ती गोळी चिठ्ठीशिवाय मिळत नव्हती आणि चिठ्ठी महिन्याची होती. डॉक्टरांकडे जाऊन मी म्हटलं, पाकीट पडलं कुठेतरी. त्यांनी दुसरी चिठ्ठी दिली. पुढच्या महिन्यात पुन्हा पडलं म्हणून सांगणं शक्य नव्हतं.

मला कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या होत्या, लहान, पांढऱ्या. त्यातलीच एक मोडून मी अण्णांच्या तळहातावर ठेवली. ते न बघता तोंडात टाकून पाणी प्यायले आणि म्हणाले, "झोप आता तू पण. दमलेली दिसतेस."

हे वाक्य लिहायला मला चार दिवस लागले.

*

दोन महिने मी हे करत होते. एक-दोनदा त्यांना खरी गोळी दिली, मग त्या रात्री मला झोप लागली नाही आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

अण्णा बदलत गेले. दाढी करताना हात थरथरायचा, गालावर कापल्याच्या खुणा. पेपर तोच तोच उघडायचे. कोणी बेल वाजवली तर दचकायचे. एकदा मला म्हणाले, "सुषमा, गोळी आता लागू पडत नाही बहुतेक."

मी म्हटलं, "वय झालं अण्णा. झोप कमी होतेच."

मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी तपासलं, माझ्याकडे बघून विचारलं, "रोज नियमाने देताय ना?" मी म्हटलं, हो. त्यांनी अर्धीची एक पूर्ण करून दिली. परत येताना रिक्षात अण्णा माझ्या बाजूला अंग चोरून बसले होते. माझ्या मनात काय होतं ते सांगते. आता महिन्याला तीस गोळ्या मिळतील, हे मनात होतं.

माझ्या नणंदेचा, वंदनाताईंचा डोंबिवलीहून फोन आला. त्या म्हणाल्या, "अण्णा फोनवर नीट बोलत नाहीत. विसरल्यासारखे करतात. तू आहेस म्हणून मला काळजी नाही."

एका पहाटे बाथरूमपाशी काहीतरी पडल्याचा आवाज आला. मी गाढ झोपेत होते, मला तो आवाज ऐकू आला नाही. मानसीला आला. तिने मला हलवून उठवलं तेव्हा अण्णा पॅसेजच्या लादीवर एका कुशीवर पडलेले होते आणि म्हणत होते, "काही नाही, काही नाही, मला बसतं करा."

मांडीचं हाड खुब्यापाशी मोडलं होतं.

*

वाशीतल्या हॉस्पिटलमध्ये ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी ठरलं. संध्याकाळी भूल देणाऱ्या डॉक्टर आल्या. बारीक चणीच्या, थकलेल्या, हातात कागद. अण्णा गुंगीत होते. बेडच्या एका बाजूला श्रीकांत आणि वंदनाताई, दुसऱ्या बाजूला मी. डॉक्टरांनी औषधं विचारली. श्रीकांतने चिठ्ठी काढून वाचून दाखवली. शेवटी म्हणाला, "आणि रात्री एक झोपेची."

"रोज घेतात? चुकत नाही?"

"नाही. माझी बायको स्वतः देते. तिच्याकडून चुकत नाही."

डॉक्टरांनी लिहून घेतलं आणि पुढच्या खाटेकडे गेल्या. वंदनाताईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांना वाटलं मी घाबरलेय.

मी थर्मास धुवायला म्हणून बाहेर आले. नळ चालू ठेवून उभी राहिले. सकाळी त्या भूल देणार होत्या ती माझ्या खोट्या हिशोबाने. काही झालं तर कोणाला कधी कळणारही नव्हतं, म्हातारं शरीर होतं म्हणतील, एवढं माझ्या मनात स्पष्ट येऊन गेलं. त्या विचाराची मला भीती वाटली. थर्मास तिथेच ठेवून मी डॉक्टरांना शोधत गेले. त्या जिन्याजवळ भेटल्या.

मी म्हटलं, "डॉक्टर, ती झोपेची गोळी ते घेत नाहीत. दोन महिने घेतलेली नाही."

"मग तुमचे मिस्टर..."

"त्यांना माहीत नाही. गोळी मी घेते. अण्णांना मी दुसरंच देते."

त्या ओरडल्या नाहीत. कागदावर एक ओळ खोडून दुसरी लिहिली. मग विचारलं, "किती घेता तुम्ही? काल रात्री घेतली होती? आज?" मी सगळं सांगितलं, माझी झोप उडाल्यापासूनचं आणि अण्णांचंही. त्या म्हणाल्या, "त्यांना दोन महिने काय होत होतं ते आता कळलं. इतकी वर्षं चालू असलेली गोळी एकदम काढली की असं होतं. तुम्हीही एकदम बंद करू नका. इथे गुरुवारी मानसोपचाराचे डॉक्टर येतात, त्यांना भेटा."

"मला वेड लागलेलं नाही."

"मी तसं म्हटलं नाही. तुम्हाला झोप लागत नाही, तो आजार आहे. त्याच्यावर इलाज होतो. हे तुम्ही झोप उडाली तेव्हाच करायला हवं होतं." मग कागद मिटत म्हणाल्या, "घरच्यांना तुम्ही सांगताय की मी सांगू?"

माझा आजार मला पहिल्यांदा कोणी सांगितला तो असा, जिन्यात उभं राहून.

श्रीकांतला मी त्याच जिन्यात बोलावून सांगितलं. तो एक पायरी खाली उभा होता. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "किती दिवस?"

"दोन महिने."

"मला का नाही सांगितलंस? झोप येत नाही एवढंच ना, का नाही सांगितलंस?"

मग तो म्हणाला, "अण्णांना मी सांगणार नाही. बरे झाले की तू सांगायचंस." आणि वर निघून गेला. त्यानंतर कित्येक दिवस तो माझ्याशी फक्त डबा, औषध आणि मानसीच्या शाळेपुरतं बोलला. वंदनाताई तेवढंही बोलल्या नाहीत. औषधांची पिशवी त्यांनी माझ्या हातातून काढून घेतली आणि आपल्या खांद्याला लावली.

*

ऑपरेशन नीट झालं. रात्री पुरुषांच्या वॉर्डात बायकांपैकी कोणी थांबायला चालत नव्हतं म्हणून श्रीकांत आत थांबायचा. पहिल्या तीन रात्री मी बाहेरच्या बाकावर बसून काढल्या. मानसीजवळ घरी वंदनाताई होत्या, आणि मला घरी जायची हिंमत नव्हती. गुरुवार उजाडायचा होता. घरात उरलेल्या गोळ्या मी श्रीकांतकडे देऊन टाकल्या होत्या, तो रोज संध्याकाळी माझ्या हातावर एक अर्धी ठेवायचा आणि दुसरीकडे बघायचा. अर्धीने काही होत नव्हतं.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला जनाबाई नावाच्या साठीच्या बाई असायच्या. करावे गावच्या. त्यांचा मुलगा आत होता. मी सारखी घड्याळ बघतेय, बसल्या जागी चुळबुळ करतेय, हे त्यांनी दोन रात्री पाहिलं. तिसऱ्या रात्री म्हणाल्या, "झोप येत नाय का गो?"

"नाही."

"त नको येव. तू कशाला तिच्या मागं लागतंस? आडवी हो. पाठीला त बरा वाटंल."

"डोकं चालू राहतं हो."

"चालूदे. माजा पन चालू हाय. पोरगा आत हाय, डोका कसा बंद व्हईल?" त्यांनी आपली चादर अर्धी माझ्या पायांवर टाकली आणि स्वतः भिंतीला टेकून डोळे मिटले.

मी आडवी झाले. झोप आली नाही. पण आली नाही म्हणून भांडायचं त्या रात्री मी थांबवलं, आणि सकाळी अंग जरा कमी दुखत होतं. त्यांना मी काय केलंय ते माहीत नव्हतं. माहीत असतं तर चादर दिली असती का, हा विचार मी तेव्हाही केला.

*

आठव्या दिवशी दुपारी मी अण्णांना सांगितलं. वॉर्डात भेटायची वेळ नव्हती, डबा द्यायला म्हणून मला आत सोडलं होतं, आणि शेजारची खाट रिकामी होती. ते उशाला टेकून बसले होते, दोन महिन्यांत पहिल्यांदा नीट डोळ्यांत बघून बोलत होते. मी काही गाळलं नाही. कॅल्शियमसुद्धा सांगितलं.

ते चादरीच्या टोकाची घडी घालत राहिले. मग म्हणाले, "रात्री मला तुझी सासू हाक मारायची. अगदी स्वच्छ. मी उठून बघायचो. मला कळायचं की ती नाहीये, आणि तरी ऐकू यायचं."

मी डबा खाली ठेवला.

"मी कोणाला सांगितलं नाही. म्हटलं, डोकं चाललं आपलं. सांगितलं तर कुठेतरी नेऊन ठेवतील. त्या दिवशी पहाटेही तिनेच हाक मारली म्हणून उठलो." ते थांबले. "गोळी मागितली असतीस तर मी दिली असती गं. पण मी वेडा होतोय असं तू मला दोन महिने वाटू दिलंस. रोज सकाळी चहा देताना माझ्याकडे बघत होतीस आणि वाटू दिलंस."

मी त्यांचे पाय धरायला वाकले. त्यांना पाय हलवता येत नव्हते, पण त्यांनी हाताने थांबवलं. "नको ते," म्हणाले.

हॉस्पिटलमधून ते डोंबिवलीला गेले. त्यांचे कपडे, चष्म्याचं घर आणि दाढीचं सामान मी बॅगेत भरून दिलं. मानसी रोज विचारायची, "अण्णा कधी येणार?" तिला आम्ही लिफ्टचं कारण सांगितलं, आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही म्हणून. लिफ्ट खरंच नव्हती, पण ते कारण खोटंच होतं.

*

मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे पहिल्यांदा गेले तेव्हा बाहेरच्या बाकावर मी पदर डोक्यावरून घेऊन बसले. शाळेतल्या कोणी बघितलं तर? समोरच एक गृहस्थ पेपरात तोंड घालून बसले होते. पेपर खाली झाला तेव्हा ओळखलं, माझ्या वर्गातल्या एका मुलीचे वडील. त्यांनीही मला ओळखलं. त्यांनी पेपर परत वर केला आणि मी पदर. पुढे सहा महिने आम्ही दर दुसऱ्या गुरुवारी तिथे भेटत होतो आणि पालकसभेत एकमेकांना नमस्कार करत होतो. हॉस्पिटलबद्दल चकार शब्द नाही. त्या माणसाचे माझ्यावर उपकार आहेत असं मला वाटतं.

डॉक्टरांनी माझी गोळी हळूहळू, कित्येक आठवड्यांत कमी केली. त्या आठवड्यांबद्दल फार लिहीत नाही. वाईट होते. पण त्यांनी सांगितलेल्या गोष्टी इतक्या साध्या होत्या की मला पहिल्यांदा रागच आला. यासाठी मी अण्णांना लादीवर पाडलं?

श्रीकांत हळूहळू बोलायला लागला. एकदा मी पहाटे बाहेरच्या खोलीत बसलेली असताना तो पाळीवरून आला. दिवा न लावता शेजारी बसला. म्हणाला, "कधीपासून बसलीयेस?" मी म्हटलं, "घड्याळ बघायचं नाही असं सांगितलंय." तो थोडा हसला. त्या एवढ्याशा हसण्यावर मी पुढचे कित्येक दिवस काढले.

पाच महिन्यांनी माझी गोळी पूर्ण बंद झाली. रोज झोप लागत होती असं नाही. पण लागत होती.

*

एका संध्याकाळी फोन वाजला. मी उचलला.

"श्रीकांत आहे का?" अण्णांचा आवाज. हॉस्पिटलनंतर ते माझ्याशी एकदाही बोलले नव्हते.

"नाही अण्णा. ड्युटीवर आहे."

ते थांबले. मला वाटलं, ठेवतील. मग म्हणाले, "बरं. तुझ्याशीच काम होतं. वंदना आत्ता बाहेर गेलीये म्हणून केला. इथल्या डॉक्टरांनी माझी गोळी कमी करत करत बंद केली. आता रात्री दोनला जाग येते ती येतेच. तुला त्या डॉक्टरांनी काय सांगितलं होतं?"

मी फोनवर सांगायला लागले तर जीभ वळेना. ते म्हणाले, "लिहून पाठव. मला वाचलेलं बरं समजतं."

ते पत्र मी तीनदा लिहिलं. पाठवलं ते साधारण असं होतं:

"अण्णा, सा. न.

झोप ओढून आणता येत नाही, असं डॉक्टर म्हणतात. आपण फक्त तिच्या वाटेतून बाजूला व्हायचं. मी काय करते ते लिहिते.

रोज संध्याकाळी सात वाजता मी वही घेऊन बसते आणि डोक्यात जे जे आहे ते लिहून काढते. शाळेचं, मानसीचं, सगळं. पुढे उद्या काय करता येईल तेही लिहिते. काहींच्या पुढे काहीच लिहिता येत नाही, ते तसंच सोडते. रात्री तोच विचार आला की मनात म्हणते, तुझी वेळ उद्या सातला. तो लगेच ऐकत नाही. तीन-चारदा सांगावं लागतं.

घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेवते. किती वाजले हे कळलं की मी हिशोब करायला लागते.

बराच वेळ पडून झोप आली नाही तर पलंगावर तळमळत राहायचं नाही. उठून बाहेरच्या खोलीत यायचं, लहान दिवा लावायचा, खुर्चीत बसायचं. तुम्ही उठाल तेव्हा आधी काठी हातात घ्या, आणि पॅसेजचा दिवा रात्रभर चालू ठेवायला वंदनाताईंना सांगा. मी कपड्यांच्या घड्या घालते. तुम्ही जुनी पत्रं लावू शकाल. कंटाळवाणं काम हवं. डोळे जड झाले की परत जायचं. नाही झाले तरी घाबरायचं नाही. एक रात्र झोप झाली नाही म्हणून काही बिघडत नाही, हे मला फार उशिरा कळलं.

कशीही रात्र गेली तरी मी सहाला उठते. दुपारी झोपत नाही. हे सगळ्यांत कठीण आहे आणि मला सगळ्यांत उपयोग याचाच झाला.

कोणी काही गोळी सुचवली तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. हे मी तुम्हाला लिहावं हा माझा अधिकार नाही. तरी लिहिते.

सुषमा"

उत्तर बारा दिवसांनी आलं. पोस्टकार्डावर त्यांचं बारीक, सरळ अक्षर. हात थरथरत नव्हता हे त्यावरून कळलं.

"चि. सुषमा, पत्र मिळालं. तू लिहिल्याप्रमाणे करतो. परवा चार तास झोप झाली, काल अडीच. घडलं ते मी विसरलेलो नाही. तरी रात्री खुर्चीत बसलो की मनात येतं, तिकडे नेरूळला तूही अशीच बसलेली असशील. तेवढी सोबत वाटते. अण्णा."

मी ते कार्ड स्वयंपाकघरात उभ्याउभ्या वाचलं. त्या परवा आणि त्या काल, दोन्ही रात्री मी सलग झोपले होते.

गप्प बसणं सोपं होतं. त्यांना सोबत वाटतेय तर वाटू द्यावं, असंही मी स्वतःला सांगून बघितलं. पण एकदा मी त्यांना जे नव्हतं ते वाटू दिलं होतं. दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना मी कार्ड लिहिलं: "अण्णा, त्या दोन्ही रात्री मी झोपले होते. मी हल्ली बहुतेक रात्री झोपते. तुम्ही जागे असताना मी झोपते हे लिहायची लाज वाटते, पण खरं ते हेच आहे." वाचून न बघता पेटीत टाकलं.

त्याचं उत्तर आलं नाही. एक महिना गेला, दुसरा गेला. मी पत्रपेटी बघणं सोडून दिलं.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात श्रीकांत त्यांना घेऊन आला. मला आधी सांगितलं नव्हतं. दोन जिने चढायला त्यांना बराच वेळ लागला. काठीचा आवाज वर येत होता आणि मी दारात उभी होते, पुढे होऊन हात द्यावा की नाही ते कळत नव्हतं. मानसी माझ्या बाजूने धावत खाली गेली.

ते आत आले, खुर्चीत बसले, पाणी प्यायले. श्रीकांत बॅग ठेवायला आत गेला. अण्णांनी घराकडे एकदा नजर फिरवली आणि मग माझ्याकडे बघितलं.

"अजून सहालाच उठतेस?"

"हो."

"मला पण उठव," ते म्हणाले.